मित्राला कामावर घेताना आधी जागा बघा, मग माणूस

मित्राला कामावर घ्यावं का, हा प्रश्न माझ्याकडं बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. शाळांच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी हातात असतात, जूनच्या आत माल पोचवायचा असतो, कारागीर मिळत नाहीत, सुपरवायझर टिकत नाही. नेमकं त्याच वेळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरलेला शाळेतला मित्र म्हणतो, "तिकडं निम्मा पगार भाड्यात जातोय बे, इथंच काहीतरी बघ की." मालकाला माणूस हवा असतो, मित्राला गाव हवं असतं. दोघांनाही वाटतं, जमलं.

मी सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांचे आणि दुकानांचे हिशेब बघतो. पगारपत्रक, उचल, खरेदीची बिलं, वर्षाचा ताळेबंद असं सगळं डोळ्यांखालून जातं, त्यामुळं कुणाची दोस्ती कुठं अडकली ते आधी वहीत दिसतं, चहावर नंतर कळतं. त्यावरून झालेलं मत सांगतो. घ्यावं की न घ्यावं हे मित्र कसा आहे यावर फार कमी ठरतं; जागा कोणती आहे यावर जास्त ठरतं. ज्या कामाचा संध्याकाळी आकडा निघतो, त्या कामावर मित्र चालतो. जिथं फक्त विश्वासावर भागवायचं असतं, तिथं मित्र ठेवू नये. आपण बरोबर उलटं करतो. मशीनवर, पॅकिंगला परका चालतो. गल्ल्यावर, खरेदीला, चाव्या सांभाळायला मात्र "आपला माणूस" पाहिजे म्हणून मित्राला बसवतो.

आधी जागेचा कागद करा

मित्राचा विषय डोक्यातून बाजूला ठेवून एक कागद घ्या आणि जागेबद्दल लिहा. काम काय, दिवसाअखेर त्याचा आकडा कोणता, तो आकडा कोण तपासणार, या माणसाच्या हातातून पैसा किंवा माल किती जाणार, तो आठ दिवस आला नाही तर काय अडेल. एवढं लिहिता येत नसेल तर तुम्हाला अजून माणसाची गरज नीट कळलेली नाही. तोवर मित्रालाच काय, कुणालाच बोलवू नका.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं एखादं युनिफॉर्मचं युनिट घ्या. कटिंगला थानामागं किती पीस निघाले आणि कापड किती वाया गेलं हे मोजता येतं. शिलाईच्या सुपरवायझरचा आकडा म्हणजे लाइनवरून रोज निघालेले पीस आणि चेकिंगला परत आलेले पीस. डिस्पॅचवाल्याचे पार्सल मोजता येतात, शाळेकडून आलेल्या तक्रारी मोजता येतात. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हेमिंग आणि पॅकिंगचे डझन रोज वहीत चढतातच. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत दुकान असेल तर काउंटरच्या माणसाची बिलं त्याच्या नावानं निघतात. या सगळ्या जागांवर मित्राला बसवायला माझी हरकत नाही, कारण तिथं तुम्हाला त्याच्यावर मत द्यावं लागत नाही. वही बोलते.

आता दुसरी बाजू. गल्ला, कापडाची खरेदी, पगाराचं वाटप, ट्रान्सपोर्टच्या भाड्याची घासाघीस, आणि ज्याकडं कुणाचंच लक्ष नसतं ती चिंधीची विक्री. कटिंगच्या चिंध्या किलोवर जातात, पैसे रोख येतात, बिल बहुतेक ठिकाणी नसतं, वजन कुणी बघत नाही. ही विश्वासाची कामं. इथं मित्र नको, याचं कारण तो पैसे खाईल असं मुळीच नाही. कारण हे की तुम्हाला विचारता येणार नाही. पगारी कॅशियरचा गल्ला चार हजारांनी कमी भरला तर तुम्ही त्याच संध्याकाळी म्हणता, "परत मोजा." तो मोजतो, बिल सापडतं, विषय संपतो. मित्राचा गल्ला कमी भरला की तुम्ही पंधरा दिवस गप्प बसता. त्या पंधरा दिवसांत डोक्यात बरंच काही शिजतं. मग एके दिवशी विचारता तेव्हा आवाज बदललेला असतो, आणि त्याला ऐकू येतं ते "तू चोर आहेस". चुकीचं बिल मात्र ड्रॉवरमध्येच अडकलेलं असतं.

मधल्याही काही जागा असतात. शाळाशाळांत फिरून ऑर्डर आणणारा माणूस. ऑर्डरी मोजता येतात, पण गाडीखर्च, नमुन्यांचे पीस, मुख्याध्यापकांना दिलेली सवलत हे सगळं तोंडी चालतं. असं असेल तर तोंडी भाग आधी आकड्यात आणा: किलोमीटरला ठरलेला दर, नमुन्यांची नोंदवही, सवलतीची वरची मर्यादा. मग मित्राला घ्या.

आणि विश्वासाच्या जागेसाठी मित्राशिवाय खरंच दुसरं कुणी नसेल तर? मग जागा बदला. खरेदीला दोन व्यापाऱ्यांचे दर मोबाइलवर मागवल्याशिवाय ऑर्डर जाणार नाही, मग ते भिलवाड्याचं सुटिंग असो की इचलकरंजीचं शर्टिंग. गल्ला रोज रात्री दोघांनी मोजायचा, दोघांनी सही करायची. चिंधी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, वजनाची चिठ्ठी घेऊन विकायची. हे नियम मित्र यायच्या आधी लागू करा. तो आल्यावर लागू केले तर ते त्याच्यासाठीच केले असं दिसेल, आणि ते खरंही असेल.

नोकरी हवी आहे की मदत?

बरेच मित्र नोकरी मागतात तेव्हा त्यांना खरं तर दुसरंच काही हवं असतं. वडिलांचं ऑपरेशन, थकलेले हप्ते, बायकोचं माहेर सोलापूर म्हणून इथं परतायचं, किंवा पुण्यातल्या साहेबाशी बिनसलं म्हणून चार महिने टेकायला जागा. सरळ विचारा, "तुला काम पाहिजे की आत्ता पैसे पाहिजेत?" पैसे हवे असतील आणि तुम्हाला झेपत असेल तर उसने द्या. पन्नास हजारांची अडचण सोडवायला पंधरा हजारांची नोकरी तयार करणं हा महागातला सौदा आहे. दर महिन्याला देत राहाल आणि वर त्याच्या कामावर नाराजही राहाल.

उसने देताना बँकेतूनच द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला बसू शकतो. म्हणजे तुम्ही प्रेमानं पाकीट द्याल आणि अडकेल तो. परत घेतानाही तोच नियम.

दुसरी मदत म्हणजे ओळख. १९७०च्या सुमारास मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांना विचारलं, तुमची नोकरी कुणामुळं लागली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती ज्याच्यामुळं मिळाली, तो माणूस क्वचित किंवा कधीमधी भेटणारा होता. रोज भेटणारे जिवलग थोडे. आपल्याकडंही हेच दिसतं. जिवलगाला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते. तुमच्या कारखान्यात जागा नसली तरी चिंचोळीत किंवा होटगी रोडला कुणाला माणूस हवाय हे तुम्हाला कळतं. तीन मालकांना फोन लावून देणं ही खरी मदत आहे. तुम्हाला माणूस हवा असेल तेव्हाही हेच करा. मित्राला विचारा, "तुझ्या बघण्यात कोण आहे?" "तू येतोस का" हा प्रश्न त्यानंतरचा.

नाही म्हणायचं असेल तर

सोलापुरात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू", "सीझन होऊ दे", "गड्ड्याची यात्रा झाली की बसू" असं म्हणतो. हे तीन शब्द मित्राला नकारापेक्षा जास्त महागात पडतात, कारण तो तुमच्या भरवशावर दुसरीकडचा कॉल सोडून देतो. नाही म्हणायचं ठरलं असेल तर त्याच आठवड्यात म्हणा, समोर बसून म्हणा, आणि कारण जागेचं सांगा:

"जागा खरेदीची आहे. पैशाच्या जागेवर मी मित्र ठेवत नाही. तूच काय, माझा मेहुणा आला तरी नाही."

हे वाक्य खरं असायला हवं. गल्ल्यावर आधीच चुलतभाऊ बसला असेल तर ते म्हणू नका. सगळं गाव बघतंय. "तुला हे काम जमणार नाही" असं मात्र सांगायच्या भानगडीत पडू नका. तो लगेच जमतं हे पटवून द्यायला लागेल आणि तुम्ही वादात हराल.

एक खबरदारी घरातली. हा विषय थेट तुमच्याकडं येईलच असं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची आई तुमच्या आईजवळ बसते, "आमच्या पोराचं तेवढं सांगा की" म्हणते, आणि तुमची आई तिळगूळ देता देता होकार देऊन टाकते. मग कारखान्याचा निर्णय स्वयंपाकघरात झालेला असतो. आईला आणि बायकोला आधीच सांगून ठेवा: माणसं घ्यायचा विषय निघाला की "ते त्यालाच विचारा" एवढंच म्हणायचं.

बोलणी कारखान्यात करा

कट्ट्यावर, हॉटेलात, मंडळाच्या मांडवात ही बोलणी करू नका. त्याला कारखान्यात बोलवा, कामाच्या वेळेत, आणि एकदा सगळा मजला फिरवून आणा. मशीनचा आवाज, कापडाची धूळ, मेमधली शेडमधली उष्णता हे त्याला दिसू दे. ज्या मित्रानं तुम्हाला फक्त संध्याकाळी गाडीवर बघितलंय, त्याला मालकी म्हणजे काय याचा भलताच अंदाज असतो.

मग केबिनमध्ये बसून अवघड गोष्टी पहिल्याच बैठकीत काढा. पगार किती, आकड्यासह. वेळ काय. तो कुणाच्या हाताखाली असेल. शक्यतो तुमच्या नकोच, मधे एक माणूस असू दे. खाडा झाला तर पैसे कापले जातील, त्याचेही. जुलैमध्ये काम कमी झालं की युनिफॉर्मच्या युनिटमध्ये माणसं कमी होतात. त्यात त्याचं नाव असू शकतं की नाही, हेही तेव्हाच बोला. हे ऐकून त्याचा चेहरा पडला तर पडू दे. आत्ता पडलेला चेहरा चार दिवसांत सुधारतो.

त्याला विचारायचा माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: "आधीच्या ठिकाणी साहेबाशी कधी वाजलं, आणि मग तू काय केलंस?" मित्र असल्यानं तो मोकळेपणानं सांगेल, जे परका उमेदवार सांगणार नाही. सगळ्या गोष्टींत साहेबच गाढव निघत असेल तर पुढचा साहेब तुम्ही आहात. आणि मित्र आहे म्हणून जुन्या मालकाला फोन करायचं टाळू नका. त्याला सांगून करा.

स्वतःला विचारायचे प्रश्न वेगळे. याचा एक दिवसाचा पगार कापायला माझा हात उचलेल का? याच्या हाताखालचा पोरगा जास्त हुशार निघाला तर त्याला याच्यावर बसवू शकेन का? यातल्या एकालाही मनातून "नाही" आलं तर थांबा.

एका ऑर्डरीवर बघा

पुण्याची नोकरी सोडून ये, असं लगेच म्हणू नका. आठ-दहा दिवस रजा काढून ये म्हणा. एका शाळेची ऑर्डर त्याच्याकडं द्या, कापड कटिंगला जाण्यापासून पार्सल शाळेच्या दारात पडेपर्यंत. या दिवसांचे पैसे रोजानं द्या; "जरा बघून जा, मदत कर" असं फुकट राबवू नका. फुकट काम केलेला मित्र नोकर होत नाही, उपकारकर्ता होतो.

या दिवसांत काय बघायचं? काम येतं का हे दिसेलच. त्याहून जास्त बघा की वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचते. साइज चुकून छत्तीसच्या जागी चौतीसचे गठ्ठे कापले गेले, हे त्यानं दुपारी सांगितलं की डिस्पॅचच्या आदल्या रात्री? मित्रांची एक खोड असते, तुम्हाला त्रास नको म्हणून लपवतात. घरी ती माया, कारखान्यात ते नुकसान.

ऑर्डर गेल्यावर बसायची तारीख आधीच ठरवा. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही "नाही जमत" म्हणू शकतो, हेही आधीच बोललेलं असू दे. जमलं तर पहिली नेमणूक एका सीझनपुरती करा.

कागद

इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण भांडणं इथंच पेरली जातात.

नेमणूकपत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार नेमणूकपत्र सगळ्या कामगारांना द्यायचं आहे. मित्राला कागद देताना मालकाला लाजल्यासारखं होतं; कायद्याचं नाव पुढं करून ती लाज घालवता येते. त्यात हुद्दा, पगार, वेळ, सुट्ट्या, कुणाला जबाबदार, आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, एवढं आलं पाहिजे.

पगार त्या जागेचा बाजारात जो आहे तोच. कमी देऊन "सध्या समजून घे" म्हणालात तर तो मनात थकबाकी मांडत राहतो. दोन वर्षांनी तो तुम्हाला धंदा उभा करून दिल्याचा हिशेब सांगेल आणि तो आकडा तुमच्या वहीत कुठंच नसेल. जास्त दिलात तर बातमी चहाच्या सुट्टीत फुटते. सोलापुरातल्या युनिटमध्ये पगार गुप्त राहतो असं समजणारा मालक अजून मला भेटायचाय.

पगार बँकेत जमा करा. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिलं तर धंद्याचा तो खर्च आयकरात धरला जात नाही. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ, दहा किंवा जास्त असतील तर २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. "माझा पीएफ कापू नको, हातात दे" ही विनंती सगळ्यात आधी मित्राकडूनच येते. ऐकू नका. पुढं बिनसलं तर तपासणीत विचारणा तुम्हालाच होणार, आणि तेव्हा "त्यानंच सांगितलं होतं" याला कुणी विचारत नाही.

आता भागीदारी. पगाराची बोलणी अडली की मालक म्हणतो, "अरे, पुढं बघू की, आपलंच आहे." या वाक्यानं मी फर्मा मोडताना बघितल्या आहेत. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदारीचा करार तोंडीही होऊ शकतो, आणि वाटा ठरलेला नसेल तर नफा-तोटा समान धरला जातो. नोकराला पगाराच्या जोडीनं नफ्यातला हिस्सा दिला तर तेवढ्यानं तो भागीदार होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण सोबत तुमचे "आपण दोघं पार्टनर" असे मेसेज असतील, गिऱ्हाइकांना तुम्ही त्याची ओळख पार्टनर म्हणून करून दिली असेल, तर पुढं वकिलांची दिवाळी. हिस्सा द्यायचा असेल तर त्याला प्रोत्साहन भत्ता म्हणा, कशावर किती टक्के ते लिहा, आणि तो पगारासोबत बँकेत द्या. खरंच भागीदार करायचं असेल तर नोकरीच्या आडून करू नका. करारपत्र करा, त्याचंही भांडवल घ्या.

पहिला महिना

सोलापुरात "काय बे" हे प्रेम आहे. पण ते कटिंग टेबलासमोर, चाळीस कारागिरांदेखत मालकाला म्हटलं गेलं की तासाभरात सगळ्यांना कळतं की इथं दोन कायदे आहेत. बालमित्रांनी एकमेकांना अहो-जाहो करावं असं मी म्हणत नाही, ते नाटकासारखं वाटतं आणि कारागीर हसतात. आत असताना नावानं हाक, "बे" नाही, पाठीवर थाप नाही, जुन्या भानगडींचे किस्से नाहीत, एवढं पुरतं. त्यानं डबा तुमच्या केबिनमध्ये खाऊ नये, बाकीच्यांबरोबर खावा. संध्याकाळी पार्क चौकात भेटून काय वाट्टेल ते बोला. फक्त तिथं कारखान्यातल्या माणसांची नावं काढू नका.

दुसरी गोष्ट, कटिंग मास्तर. बहुतेक युनिटमध्ये असा एक मास्तर असतो, तुमच्या वडिलांच्या वेळचा, घरी तेलुगू बोलणारा, ज्याच्या हातावर सगळा माल उभा असतो. मित्र येणार हे त्याला मित्र यायच्या आधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे: "मास्तर, हा माझा शाळेतला दोस्त. डिस्पॅच बघणार. तुमच्या कटिंगमध्ये बोलणार नाही. चुकला तर मला सांगा." पहिल्या सीझनला मित्राला मास्तरांच्या वर बसवू नका, तो कितीही शिकलेला असला तरी. मास्तर भांडत नाहीत. ते एक दिवस शेजारच्या युनिटमध्ये जातात आणि सोबत चार कारागीर नेतात.

आणि बाकीचे? ते मित्राचा दरवाजा करतात. "तू सांग की मालकाला, उचल पाहिजे." पहिली उचल त्याच्यामार्फत दिलीत की सुपरवायझर संपला. मित्रानं उत्तर पाठ करून ठेवावं: "मला नका सांगू, ऑफिसात अर्ज द्या."

पैशाच्या खिडक्या पहिल्याच आठवड्यात बंद करा. सह्या करून ठेवलेलं चेकबुक त्याच्या ड्रॉवरमध्ये नको. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीस सही करणाऱ्याच्या नावानं येते. काउंटरवरचा क्यूआर कोड फर्मच्या खात्याचाच असावा. "तात्पुरता माझा लाव" हे तात्पुरतं कधी संपत नाही. जीएसटी पोर्टल आणि बँकेचे ओटीपी तुमच्याच फोनवर. यात अविश्वास काही नाही, हे सगळ्यांनाच लागू आहे असं त्याला एकदाच सांगा आणि मग खरंच सगळ्यांना लागू करा.

मंडळाचं काय करायचं, हा खास आपल्याकडचा प्रश्न. कारखान्यात तुम्ही मालक, पण मंडळात तो अध्यक्ष आणि तुम्ही वर्गणीदार. जयंतीची, गणपतीची वर्गणी कारखान्याच्या आत मागायची नाही, कामगारांकडं तर अजिबात नाही, हे ठरवून घ्या. तुमची वर्गणी तुम्ही बाहेर द्याल. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. तेव्हा निम्मं सोलापूर रस्त्यावर असतं आणि सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. सुट्ट्यांची यादी डिसेंबरात लावा आणि त्याचं नाव बाकीच्यांच्या रांगेतच लिहा.

बिनसायला लागलं की

पहिली खूण बहुतेक वेळा तुमच्यातच दिसते. त्याची चूक दिसली की तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी झापता, किंवा त्याचं काम रात्री थांबून स्वतः उरकता. असं दोनदा झालं की तिसऱ्याची वाट बघू नका. केबिनमध्ये बोलवा आणि फक्त आकड्यांवर बोला: या महिन्यात इतकी पार्सलं उशिरा गेली, इतक्या शाळांचे फोन आले, पुढच्या तीस दिवसांत हा आकडा इथं यायला हवा. स्वभाव, जुने उपकार, "तू असा नव्हतास" यातलं काही काढू नका. बोलणं झाल्यावर दोन ओळींचा मेसेज पाठवा. जागा मोजता येणारी निवडली होतीत त्याचा उपयोग इथं होतो. भांडायला मत लागतं, आकड्याशी फार वेळ भांडता येत नाही.

कधी माणूस बरोबर असतो आणि जागा चुकलेली असते. डिस्पॅचला गोंधळ घालणारा पोरगा शाळांमध्ये फिरून उत्तम ऑर्डरी आणतो, हे मी बघितलंय. एकदा जागा बदलून बघा. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर मात्र ती मदत तुम्ही स्वतःला वाचवण्यासाठी करताय.

काढायचं ठरलं तर सीझनच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर किंवा त्याच्या घरात कार्य असताना नको. पण या तिन्ही तारखा टाळता टाळता वर्ष जाऊ देऊ नका. हे तुम्हीच सांगायचं, मॅनेजरकरवी नाही. वेतन संहितेनुसार काढलं किंवा त्यानं सोडलं, तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. लागू असलेला बोनस, नोटिशीचे पैसे, अनुभवाचं पत्र, पीएफसाठी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरणं, हे सगळं एकाच बैठकीत उरका. उसने दिलेले पैसे या पगारातून परस्पर वळते करू नका. तो वेगळा व्यवहार आहे, त्याचे हप्ते वेगळे ठरवा. चाव्या, नमुने, शाळांच्या यादीची फाइल, ऑफिसचं सिमकार्ड परत घेताना दोघांची सही असलेली पोच करा.

तो समोरच युनिट टाकेल, ही भीती मालकाला फार असते. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये अशी अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, त्यामुळं तसल्या बाँडवर सही घेण्यात अर्थ नाही. तुमचे दर, डिझाइनच्या फाइली, गिऱ्हाइकांच्या याद्या त्यानं नेऊ नयेत ही गुप्ततेची अट नेमणूकपत्रात घालता येते, ती घाला. आणि मोठ्या पाच-सहा शाळांशी तुमचा स्वतःचा फोन वर्षभर चालू असू द्या. ऑर्डर त्यानं आणली असली तरी बिल द्यायला तुम्ही जा.

शेवटी बाहेर काय सांगायचं ते दोघांनी ठरवून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी सगळा ग्रुप विचारणार आहे. "सीझनपुरतं बोललो होतो, सीझन झाला" किंवा "त्याला फिरतीचं काम पाहिजे होतं, माझ्याकडं नव्हतं" असं एक वाक्य, दोघांचं सारखं, घरच्यांनाही तेच सांगायचं. त्या महिन्यात ग्रुपची पार्टी असेल तर दोघंही जा, आणि बिल नेहमीसारखं वाटून घ्या.